जुन्या विमान-इंजिनाची प्रतिकृती: अचूक संदर्भ कसे मिळवावेत आणि कसे पारखावेत

सिलिंडरांत इंधन-हवेचे मिश्रण नेणाऱ्या तांब्याच्या नऊ नळ्या मी तीन रविवार खपून वाकवल्या होत्या. इंजिन होते ल ऱ्होन ९सी, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळातले ८० अश्वशक्तीचे, नऊ सिलिंडरांचे फ्रेंच रोटरी. प्रमाण एकास चार. नळ्या डाख देऊन बसवल्या आणि मग सहज एका जुन्या छायाचित्राशी ताडून पाहिल्या. छायाचित्रात त्या सिलिंडरांच्या मध्यरेषेच्या पुढच्या बाजूने, समोरून पूर्ण दिसतील अशा, क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या मधल्या पेटीत, शिरत होत्या. माझ्या मात्र मागच्या बाजूने शिरत होत्या. ज्या छेदचित्रावरून मी काम केले, ते त्याच कारखान्याच्या ११० अश्वशक्तीच्या ९जे इंजिनाचे निघाले. चित्राखाली फक्त ‘ल ऱ्होन रोटरी’ एवढेच छापलेले होते. बाकीचे मी मनानेच धरून चाललो होतो.

या लेखात धातूकामाबद्दल काही नाही. लेथला हात लावण्यापूर्वी जे कागदावर व्हायला हवे, तेवढेच इथे क्रमाने सांगितले आहे. तुमची प्रतिकृती चालणारी असो वा नुसती मांडून ठेवण्याची, संदर्भांचे काम दोन्हींना सारखेच लागते.

१. नाव नव्हे, नेमका प्रकार ठरवा

‘मला मर्लिन करायचे आहे’ हे वाक्य अपुरे आहे. रोल्स-रॉइस मर्लिनचे डझनावारी प्रकार झाले; एकटप्पी आणि दोनटप्पी सुपरचार्जरांमुळे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यांमुळे) इंजिनाची मागची बाजू पार बदलली, कार्ब्युरेटर बदलले, आणि अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने तेच इंजिन व्ही-१६५० या नावाने बनवले. ल ऱ्होनचेही तसेच. ९सी स्वीडनमध्ये थुलिन कारखान्यात ‘थुलिन ए’ म्हणून तयार झाले, अमेरिकेत युनियन स्विच अँड सिग्नल कंपनीने परवान्यावर बनवले, आणि ९जेची नक्कल जर्मनीत ओबरउर्सेल यूआर-२ म्हणून झाली. यातले कोणतेही चित्र हाती लागले की ते ‘जवळपास तेच’ वाटते, आणि सगळा घोटाळा त्या ‘जवळपास’मध्येच होतो.

म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहून तो भिंतीवर लावा: इंजिनाचा पूर्ण प्रकार, बनवणारा कारखाना, उत्पादनाचा साधारण काळ, आणि ते कोणत्या विमानात बसले होते. शेवटची गोष्ट अनावश्यक वाटेल, पण एकाच इंजिनाच्या धूरनळ्या, प्रोपेलरचा हब आणि तेलाच्या नळ्या विमानानुसार बदलत असत. जमल्यास एखादे प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले, क्रमांकासह ओळखता येणारे इंजिन निवडा. त्याचा फायदा असा, की दोन संदर्भ भांडू लागले तर निवाडा करायला एक वस्तू शिल्लक राहते.

नावांबाबत आणखी एक सूचना. अमेरिकी नामपद्धतीत अक्षर रचना सांगते आणि आकडा घन इंचांतली क्षमता, म्हणजे सगळ्या सिलिंडरांत पिस्टन सरकतात ते एकूण आकारमान, तेही पूर्णांकित केलेले: आर-१३४० म्हणजे सुमारे १३४० घन इंचांचे रेडिअल, प्रॅट अँड व्हिटनीचे ‘वास्प’. ही पद्धत सोयीची असली तरी फसवी आहे. १९१७ साली आराखडा झालेल्या लिबर्टी एल-१२ इंजिनाच्या उलट्या आवृत्तीलाही अमेरिकी सैन्याने व्ही-१६५० हेच नाव दिले होते, आणि ती आवृत्तीही पॅकार्डनेच बनवली होती. कारखाना तोच, नावही तेच, आणि इंजिने मात्र दोन वेगळी, वीसेक वर्षांच्या अंतराने आलेली. सूचीत नुसते ‘पॅकार्ड व्ही-१६५०’ दिसले, तर आधी साल पाहा.

‘रोटरी’ या शब्दावर शोध घेतला की बहुतेक वेळा वँकेल, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी फिरता भाग असलेली, इंजिने समोर येतात, आणि अनेक लेखक रोटरी व रेडिअल यांत फरकच करत नाहीत. दोन्हींत सिलिंडर मध्याभोवती चक्राच्या आऱ्यांसारखे असतात. पण जुन्या विमानांच्या रोटरीत क्रँकशाफ्ट स्थिर असतो आणि सिलिंडरांसह क्रँककेस फिरते. रेडिअलमध्ये सिलिंडर स्थिर असतात. शोधाच्या शब्दांत कारखान्याचे नाव, अश्वशक्ती आणि सिलिंडरांची संख्या घाला. आणि इंजिन ज्या देशाचे, त्या देशाच्या भाषेत व त्या भाषेच्या लिपीत शोधा. फ्रेंच इंजिनाची सर्वांत चांगली कागदपत्रे फ्रेंचमध्येच असणार.

२. कोणत्या कागदावर किती विश्वास ठेवावा

नवशिक्याला सगळे संदर्भ सारख्याच तोलाचे वाटतात. मी ते पुढील उतरत्या क्रमाने धरतो.

सर्वांत वर कारखान्याची मूळ कामाची रेखाचित्रे, ज्यांवर मापे व टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्तपणा) लिहिलेले असतात. ती क्वचित मिळतात, आणि मिळाली तरी संपूर्ण संच नसतो. त्यातही रेखाचित्राच्या कोपऱ्यातला दुरुस्त्यांचा तक्ता वाचल्याशिवाय माप उचलू नका. पहिल्या आवृत्तीचा भाग कदाचित कधीच उत्पादनात गेला नसेल.

त्यांच्या खालोखाल दुरुस्ती-पुस्तिका, म्हणजे ओव्हरहॉल मॅन्युअल. ही प्रतिकृतीकारासाठी खरी खाण आहे आणि नवखे लोक तिच्याकडे दुर्लक्ष करून चित्रांच्या मागे लागतात. या पुस्तिकेच्या शेवटी ‘मर्यादांचा तक्ता’ असतो: कोणता शाफ्ट कोणत्या बेअरिंगमध्ये किती सैल चालेल, नवीन असताना किती, झिजल्यावर किती, हे त्यात असते. अनेक तक्त्यांत फटींबरोबर भागांचे व्यासही असतात, आणि असे दहा-बारा व्यास मिळाले की इंजिनाचा सांगाडा उभा राहतो. ब्रिटिश पुस्तिका ‘एअर पब्लिकेशन’ म्हणजे ए.पी. क्रमांकाने आणि अमेरिकी सैन्याच्या ‘टेक्निकल ऑर्डर’ म्हणजे टी.ओ. क्रमांकाने सूचीत सापडतात; इंजिनांच्या टी.ओ. ०२ या आकड्याने सुरू होतात. चालकासाठीची पुस्तिका वेगळी असते. तिच्यात तेलाचा दाब आणि सुरू करण्याची पद्धत मिळेल, मापे फारशी मिळणार नाहीत.

सुट्या भागांची सचित्र सूची मापांसाठी निरुपयोगी असते, कारण तिच्यातली उकललेली चित्रे प्रमाणात काढलेली नसतात. पण एखाद्या फ्लँजला स्टड आठ की नऊ, वॉशर साधा की कुलपी, हा भाग कोणत्या इंजिन-क्रमांकापासून बदलला, याची उत्तरे तिथेच मिळतात.

त्यानंतर समकालीन तांत्रिक अहवाल. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या युद्धसामग्री मंत्रालयाने हाती लागलेली जर्मन व ऑस्ट्रियन इंजिने सुटी करून तपासली आणि त्यांचे अहवाल छापले: ३०० अश्वशक्तीचे मायबाख, २३० अश्वशक्तीचे बेन्झ, ऑस्ट्रो-डाइमलर वगैरे. शत्रूचे इंजिन समजून घ्यायचे होते, त्यामुळे विक्रीपत्रकात नसते तशी बारकाई त्यांत आहे. सुट्या भागांची वजने आणि मापेही आहेत. अशा वेळी मूळ कारखान्यापेक्षा त्याच्या शत्रूचे कागद जास्त उपयोगी पडतात, हे जरा गमतीचेच आहे.

नियतकालिकांतील छेदचित्रे त्यांच्या खाली येतात, आणि पेटंटे त्यांच्याही खाली. पेटंटातून यंत्रणेचे तत्त्व फार स्वच्छ कळते, पण त्यातली आकृती दावा समजावण्यासाठी काढलेली असते. तिच्यावरून माप घेणे म्हणजे व्यंगचित्रावरून सदरा शिवणे.

अगदी तळाशी मी दोन गोष्टी ठेवतो: दुसऱ्या प्रतिकृतीकाराचे आराखडे आणि संगणकावरची त्रिमितीय मॉडेले. प्रतिकृतीचे आराखडे वाईट असतात असे नाही. पण ते चालणाऱ्या छोट्या इंजिनासाठी असतात, त्यामुळे फिनांची, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ कडांची, संख्या कमी केलेली असते, भिंती जाड केलेल्या असतात, आजच्या बाजारातली बॉल बेअरिंगे बसवलेली असतात. त्यावरून बनवलेली प्रतिकृती ही प्रतिकृतीची प्रतिकृती होते. खेळांसाठी केलेली त्रिमितीय मॉडेले दिसायला देखणी असतात आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला बिनदिक्कत काल्पनिक असतात.

३. शोध कुठे घ्यावा

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाचे स्वतंत्र अभिलेखागार आहे आणि त्यात इंजिनांच्या पुस्तिका व तांत्रिक फायली आहेत. ‘नाका’ या १९१५ ते १९५८ या काळात काम केलेल्या अमेरिकी विमानविद्या-संशोधन संस्थेचे अहवाल नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. रोल्स-रॉइस आणि ती ज्यांची वारस झाली त्या ब्रिस्टलसारख्या कारखान्यांच्या इंजिनांसाठी रोल्स-रॉइस हेरिटेज ट्रस्ट आहे. विमान-इंजिनांच्या इतिहासालाच वाहिलेली ‘एअरक्राफ्ट इंजिन हिस्टॉरिकल सोसायटी’ अमेरिकेत आहे. पेटंटांसाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचे ‘एस्पासनेट’ पुरेसे आहे. तिथे संशोधकाच्या नावाने शोधा, कारण कारखान्यांची नावे बदलत जातात. ल ऱ्होनचा आराखडा लुई व्हर्दे यांचा. पुढे तो कारखाना नोम कारखान्याशी जोडला जाऊन ‘नोम ए ऱ्होन’ झाला, त्यामुळे फक्त ‘ल ऱ्होन’ लिहून शोधणाऱ्याच्या हातून निम्मी सामग्री निसटते.

अमेरिकेत ज्या इंजिनांना पुढे नागरी प्रमाणपत्र मिळाले, त्यांची प्रकार-प्रमाणपत्राची माहितीपत्रके तिथल्या विमान-वाहतूक प्रशासनाकडे आजही उपलब्ध आहेत. वास्पसारख्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची चाल), वजन आणि वेगमर्यादा तिथून घेतल्यास वाद उरत नाही. पहिल्या महायुद्धातल्या इंजिनांसाठी मात्र हा मार्ग नाही.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना ‘या इंजिनाची सर्व माहिती पाठवा’ असे लिहू नका. अशा पत्राला माहितीपत्रक मिळते आणि विषय संपतो. मी पहिल्यांदा तेच केले. दुसऱ्या वेळी ‘९सीच्या व्हॉल्व्ह-रॉकरच्या आधाराचे रेखाचित्र किंवा त्याचे मागून घेतलेले छायाचित्र आहे का’ असे विचारले, तेव्हा त्याच जागेहून आठवड्याभरात तीन छायाचित्रे आली.

स्कॅन केलेल्या पुस्तकांत शब्दशोध वापरत असाल तर अपूर्णांकांवर कधीच विसंबू नका. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ५/१६ चे ३/१६ सहज होते आणि १ चा ७ होतो. शोध लागला की मूळ पानाची प्रतिमा उघडून डोळ्यांनी आकडा वाचा.

४. आकडे आपापसांत ताडून पाहा

बोअर, स्ट्रोक, सिलिंडरांची संख्या आणि एकूण क्षमता यांपैकी कोणत्याही तीन गोष्टींवरून चौथी काढता येते. संदर्भ हाती आला की पहिल्यांदा हा गुणाकार करायचा. ल ऱ्होन ९सीचा बोअर १०५ मि.मी., स्ट्रोक १४० मि.मी.; नऊ सिलिंडरांची क्षमता १०.९ लिटर येते. ९जेचा बोअर ११२ आणि स्ट्रोक १७०, क्षमता १५.१ लिटर. माझ्या त्या छेदचित्रात पट्टी लावून स्ट्रोक आणि बोअर यांचे गुणोत्तर काढले असते, तर ते १.३३ ऐवजी १.५२ आले असते आणि तीन रविवार वाचले असते.

गुणाकार जुळला म्हणजे ओळख पटली असे मात्र नाही. मर्लिनचा बोअर ५.४ इंच आणि स्ट्रोक ६ इंच. लिबर्टीचा बोअर ५ आणि स्ट्रोक ७. दोन्ही बारा सिलिंडरांची, आणि दोन्हींची क्षमता १६४९ घन इंच, म्हणजे सुमारे २७ लिटर. व्ही-१६५० हे नाव दोघांना लागले ते यामुळेच. फरक दिसतो तो सिलिंडरांच्या रांगांमधल्या कोनात: मर्लिनचा ६० अंश, लिबर्टीचा ४५.

मेट्रिक इंजिनाची इंग्रजी पुस्तिका वापरत असाल तर एकके नीट पाहा. १०५ मि.मी. म्हणजे ४.१३४ इंच, एखाद्याने ते सोयीसाठी ४ १/८ इंच लिहिले आणि तुम्ही परत मि.मी. केले तर १०४.८ येते. एका मापात हा फरक नगण्य, पण अशी पाच मापे एकापुढे एक ठेवली की भोके जुळत नाहीत. कोणते एकक मूळ, हे इंजिनाच्या देशावरून ठरवा आणि पूर्ण काम त्याच एककात करा. प्रमाणात उतरवण्याचा भागाकार अगदी शेवटी.

वजनाचा आकडा तपासणीसाठी फारसा कामाचा नाही. ‘कोरडे वजन’ म्हणताना हब, स्टार्टर, धूरनळ्या धरल्या की नाहीत, हे प्रत्येक सूचीत वेगळे असते.

५. छापील रेखाचित्रावरून माप घेताना

कागद आकसतो, छपाईचा ठसा ताणला जातो, आणि स्कॅनरसुद्धा आडव्या-उभ्या दिशांना तंतोतंत सारखा नसतो. त्यामुळे एका दिशेचे प्रमाण काढून ते दुसऱ्या दिशेला लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. एका छेदचित्रात मला बोअर बरोबर २१ मि.मी. मिळाला, म्हणजे प्रमाण एकास पाच. त्या हिशेबाने स्ट्रोक २८ मि.मी. यायला हवा होता, आला २७.४. म्हणजे उभ्या दिशेत चित्र सुमारे २ टक्के आखूड होते. मग उभ्या मापांसाठी १४० भागिले २७.४ आणि आडव्यांसाठी १०५ भागिले २१, असे दोन वेगळे गुणक वापरले. पुस्तकाच्या शिवणीजवळ वाकलेल्या पानावर तर हे गुणकही जागोजागी बदलतात; तसे पान पुन्हा स्कॅन करून मागवणे हाच उपाय.

छापील रेषेची जाडीही हिशेबात घ्या. एकास पाच चित्रातली पाव मि.मी. रेषा म्हणजे प्रत्यक्षात सव्वा मि.मी. धातू. नेहमी रेषेच्या एकाच कडेपासून मापा. डाव्या कडेपासून डाव्या कडेपर्यंत.

दुसरा सापळा प्रक्षेपणाचा. त्या काळी ब्रिटन आणि युरोपात प्रामुख्याने प्रथम कोन प्रक्षेपण वापरत, अमेरिकेत तृतीय कोन. प्रथम कोनात डावीकडून दिसणारे दृश्य मुख्य दृश्याच्या उजवीकडे काढतात, तृतीय कोनात डावीकडेच. जुन्या कागदांवर त्याचे चिन्ह अनेकदा नसते. गफलत झाली की भाग आरशातल्यासारखा उलटा तयार होतो, आणि सममित नसलेल्या मागच्या झाकणाच्या बाबतीत हे जुळणी करेपर्यंत कळत नाही. एखादा ओळखीचा, एकाच बाजूला असणारा भाग, उदाहरणार्थ तेलपंप किंवा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग), दोन्ही दृश्यांत शोधा आणि मगच पद्धत ठरवा.

आट्यांबाबत थोडक्यात: ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, अमेरिकी आट्यांचा ६०. प्रतिकृतीत आटा दिसत नाही, पण नटाचे डोके दिसते, आणि व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा हा बोल्टचा व्यास सांगतो, डोक्याची रुंदी नव्हे. ‘१/४’ असे लिहिलेल्या पान्याला पाव इंच रुंदीचे डोके लावणारे मी पाहिले आहेत.

६. छायाचित्रे कशी वाचावीत

आधी छायाचित्र सुलटे आहे का ते पाहा. काचेच्या निगेटिव्ह उलट्या बाजूने छापल्या जाणे नवीन नाही. पाटीवरची अक्षरे, ओतीव भागावरचे क्रमांक किंवा प्रोपेलरच्या पात्यांचा कल यावरून ते कळते.

डावे-उजवे कुठून धरले आहे, हेही विचारा. अमेरिकी रेडिअलमध्ये सिलिंडरांचे क्रमांक मागून, म्हणजे प्रोपेलरच्या विरुद्ध टोकाकडून पाहून, वरच्या सिलिंडरापासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. दुहेरी रांगेच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांत मागच्या रांगेला विषम आणि पुढच्या रांगेला सम क्रमांक. पुढून काढलेल्या छायाचित्रावर हेच क्रमांक डोळे झाकून लिहिले की सगळे उलटे होते.

जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवरून रंग ठरवताना विशेष सावध राहा. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती: लाल वस्तू काळी दिसते, निळी फिकट. घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या नळ्या अशा छायाचित्रात काळपट दिसतात, आणि ते पाहून त्या काळ्या रंगवणारे लोक आहेत. तसेच रोटरी इंजिनांत एरंडेल तेल वापरत. ते तापून सिलिंडरांवर तपकिरी थर चढे. संग्रहालयातले रुपेरी इंजिन हे धुतलेले इंजिन असते, युद्धातले नव्हे.

छायाचित्रावरून मापे काढायची असतील तर अंतराचा परिणाम समजून घ्या. दोन मीटरवरून काढलेल्या छायाचित्रात, ३० सें.मी. पुढे आलेला भाग सुमारे १८ टक्के मोठा दिसतो. सहा मीटरवरून तोच फरक ५ टक्क्यांवर येतो. म्हणून शक्य तितके लांब उभे राहून, लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेले छायाचित्र निवडा, आणि एकाच खोलीवर असलेल्या वस्तूंचीच परस्परांशी तुलना करा. फिनांची संख्या मात्र कोणत्याही छायाचित्रातून मोजता येते. ती मोजाच, डोळ्याला पहिली चूक तिथेच दिसते.

७. खरे इंजिन पाहायला जाताना

संग्रहालयाला आधी लिहा, मापे घ्यायची आहेत हे स्पष्ट सांगा, आणि परवानगीचे पत्र सोबत ठेवा. माझ्या पिशवीत पुढील गोष्टी असतात:

- प्लास्टिकचा व्हर्नियर (धातूचा चालत नाही, ओरखडे पडतात), कापडी टेप आणि १५ सें.मी.ची पट्टी
- आट्यांचा व त्रिज्येचा गेज, वक्राकार उतरवून घेण्याचा दातेरी गेज
- दांड्याला लावलेला छोटा आरसा, टॉर्च, छायाचित्रात ठेवायला मोजपट्टी आणि करड्या रंगाचे कार्ड
- आधीच काढून आणलेली, मापांच्या जागा रिकाम्या ठेवलेली हातची रेखाचित्रे, पेन्सिल
- परवानगीचे पत्र, आणि संग्रहालयाच्या सूचीतला त्या वस्तूचा क्रमांक

यातली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रिकाम्या जागा भरायला गेलेला माणूस दोन तासांत काम उरकतो. ‘बघू काय मिळते ते’ म्हणून गेलेला दोनशे छायाचित्रे आणतो, आणि हवी ती बाजू त्यांत नसते. प्रोपेलर किंवा शाफ्ट फिरवून पाहण्याचा मोह आवरा. अनेक छायाचित्रांवरून संगणकात त्रिमितीय आकार उभारणार असाल तर शेजारच्या दोन छायाचित्रांत किमान दोन-तृतीयांश भाग सामाईक येऊ द्या, आणि चकचकीत पृष्ठभागांवर ती पद्धत फसते हे धरून चाला.

संग्रहालयात आहे म्हणजे मूळ आहे, असेही समजू नका. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनाचे उदाहरण घ्या. चार आडव्या सिलिंडरांचे, सुमारे १२ अश्वशक्तीचे हे इंजिन त्यांचे यंत्रकारागीर चार्ली टेलर यांनी सायकलच्या कारखान्यात बनवले. रीतसर रेखाचित्रे नव्हतीच, कागदाच्या चिटोऱ्यांवरची कच्ची चित्रे होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने विमान उलटले आणि क्रँककेस फुटली. क्रँकशाफ्ट व फ्लायव्हील १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दिले ते परत आलेच नाहीत. पुढे प्रदर्शनासाठी विमान पुन्हा उभे केले तेव्हा इंजिनात दुसरे भाग घालावे लागले. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध विमान-इंजिनाची ही कथा, तर बाकीच्यांचे काय! कापून उघडे केलेली शैक्षणिक इंजिने तर बहुधा निकामी भागांची जुळणी असतात, त्यांचे लाल-निळे रंग विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि स्पार्क प्लग मिळाले ते बसवलेले असतात. झिजलेला सिलिंडर पुन्हा बोअर केलेला असू शकतो. मोजलेला व्यास पुस्तिकेपेक्षा जास्त आला तर पुस्तिका खरी माना.

मार्गदर्शकाला किंवा निगा राखणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: या इंजिनावर काय काय बदलले आहे? मला भेटलेल्या एका वृद्ध तंत्रज्ञाने शांतपणे सांगितले, ‘‘समोरचे सहा नट माझे आहेत.’’ मी त्याच नटांची मापे नुकतीच लिहून घेतली होती.

८. मापांची वही

प्रत्येक मापाला पाच रकाने: भाग, माप मूळ एककात, प्रमाणात उतरवलेले माप, स्रोत पान-क्रमांकासह, आणि विश्वासाची श्रेणी. श्रेणीसाठी मी तीनच खुणा वापरतो. कागदावर छापलेला आकडा शाईने लिहितो, मोजलेला किंवा चित्रावरून काढलेला निळ्या पेनाने, अंदाज पेन्सिलने. स्रोत नसलेला आकडा वहीत शिरूच देऊ नका, कारण महिन्याभराने तो कुठून आला हे तुम्हालाही आठवणार नाही आणि तोवर त्याला शाईच्या आकड्याचा मान मिळालेला असेल.

दोन स्रोत भांडले तर सरासरी काढू नका. दोन्ही बरोबर असू शकतात, फक्त दोन वेगळ्या प्रकारांबद्दल. सरासरीतून येते ते कधीच अस्तित्वात नसलेले इंजिन. आणि तीन पुस्तकांत तोच आकडा सापडला म्हणून तो तिहेरी सिद्ध झाला असेही नाही. बहुतेक वेळा दुसऱ्याने पहिल्यावरून उतरवलेला असतो आणि तिसऱ्याने दुसऱ्यावरून. तिन्हींत तीच छपाईची चूक दिसली की हे नाते उघड होते.

आतली यंत्रणा समजली की बाहेरची मापे तपासायला फार मदत होते. ल ऱ्होनचेच पाहा: मुख्य कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला तीन समकेंद्री खाचा आहेत आणि बाकीच्या आठ रॉडांच्या टोकांना काशाच्या वक्र पादुका. दोन, पाच आणि आठ क्रमांकांच्या पादुका बाहेरच्या खाचेत, तीन, सहा आणि नऊ मधल्या खाचेत, चार आणि सात आतल्या खाचेत चालतात. म्हणजे पादुकांच्या तीन त्रिज्या आल्या, आणि रॉडांच्या लांब्याही तीन. एका आराखड्यात मला आठही रॉड एकाच लांबीचे दाखवलेले दिसले, तेव्हा तो आराखडा मी तिथेच बाजूला ठेवला. ज्याला आतले कळले नाही त्याच्या बाहेरच्या मापांवर मी विसंबणार नव्हतो.

९. प्रमाणात उतरवताना

एकास चार प्रमाणात ९सीचा बोअर २६.२५ मि.मी. आणि स्ट्रोक ३५ मि.मी. होतो, इथवर सरळ भागाकार. पण अर्ध्या मि.मी.ची पत्र्याची जाडी १/८ मि.मी. होते, आणि असा पत्रा वाकवताना फाटतो. अशा जागी जाडी वाढवावीच लागते. त्यात कमीपणा नाही. फक्त ती वाढ डोळ्याला न दिसणाऱ्या बाजूला करा आणि वहीत तसे लिहा, म्हणजे तुमची वही पुढे कोणाच्या हाती गेली तर तुमची सोय त्याला इतिहास वाटणार नाही.

सगळी मापे मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर प्रतिकृती कधीच सुरू होणार नाही. मी क्रँककेस, सिलिंडर आणि बाहेरून दिसणाऱ्या नळ्या यांची मापे शाईने किंवा निळ्या पेनाने भरल्याशिवाय धातू कापत नाही; आतल्या भागांना पेन्सिल चालवून घेतो. नव्या नळ्या आता पुढून शिरतात. वहीत अजून चौदा आकडे पेन्सिलचे आहेत, त्यांतले नऊ तेलपंपाच्या आतले, आणि त्या पंपाचे सुटे केलेले छायाचित्र मिळाले की त्या पानावर रबर फिरवायचा आहे.